एकाच पॅनमधला खिमा दर वेळी पाणचट आणि करडा का होतो?

तक्रार साधारण अशी असते. कामाचा दिवस, अर्ध्या तासात जेवण उरकायचं. पसरट पॅन तापवला, बीफचा खिमा टाकला, दोन मिनिटं मस्त चुरचुर झाली. मग आवाज बदलला. चुरचुर जाऊन बुडबुड सुरू झाली आणि पाहता पाहता खिमा करड्या पाण्यात बुडाला. ते पाणी आटवत बसलं तर दहा मिनिटं जातात आणि खिमा चिवट होतो. न आटवता कांदा, टोमॅटो, पास्ता सगळं टाकून झाकण ठेवलं तर जेवण शिजतं, पण चव सपक, वर तेलाचा तवंग आणि खाली बुडाला लागलेलं. पुढच्या आठवड्यात वेगळी रेसिपी, वेगळा मसाला. निकाल तोच.

रेसिपी बदलून हे जात नाही. एकाच पॅनमध्ये आपण दोन परस्परविरोधी कामं करून घेत असतो: आधी कोरड्या, कडक आचेवर परतणं आणि मग ओल्या, मंद आचेवर शिजवणं. पहिलं काम पुरतं होण्याआधी दुसरं सुरू झालं की पुढचं सगळं बिघडत जातं. खाली ज्या वेगवेगळ्या अडचणी दिल्या आहेत, त्यातल्या बहुतेकींचं मूळ इथेच आहे. म्हणून पाण्याच्या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, बाकीचं त्या मानाने पटकन आटपतं.

एवढं पाणी येतं कुठून

खिम्यातूनच. २० टक्के चरबीच्या कच्च्या बीफ खिम्यात वजनाच्या ६० टक्क्यांहून थोडं जास्त पाणी असतं. म्हणजे ५०० ग्रॅम खिमा आणला की त्यात ३०० ग्रॅमच्या वर पाणी आहे असं धरायचं. खिमा जितका कमी चरबीचा, तितकं पाणी जास्त. दुकानदाराने पाणी मिसळलं असा संशय घ्यायची दर वेळी गरज नसते.

हे पाणी मांसात धरून ठेवणारी प्रथिनं साधारण ५० अंश सेल्सिअसपासून आकसायला लागतात आणि ६५-७० अंशांच्या पुढे पाणी अक्षरशः पिळून बाहेर टाकतात. खिम्यात तर तंतू आधीच चिरडलेले असतात, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाटा भरपूर. शिजल्यावर खिम्याचं वजन पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटतं. ही घट म्हणजे पाणी आणि वितळलेली चरबी.

आता दुसरी बाजू. खिम्याला जो खमंग, तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येतो, त्यामागे प्रथिनं आणि साखरेतली रासायनिक क्रिया असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने ती १९१२ साली मांडली. ती जोमाने व्हायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास तापावा लागतो. पण पाणी १०० अंशांना उकळतं आणि सगळं आटेपर्यंत तिथेच अडून राहतं. त्यामुळे पॅनच्या बुडाशी पाणी साचलेलं असेल तोवर आच कितीही मोठी करा, त्या पाण्यातला खिमा १०० च्या वर जात नाही. तो उकडतो. करडा रंग हा उकडल्याचा रंग आहे.

आच मोठी केली की पाणी लगेच उडून जाईल, हाही अंदाज चुकतो. १०० ग्रॅम उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते. पॅनमध्ये प्रत्यक्ष १ किलोवॉट पोहोचत असेल तर हे काम पावणेचार मिनिटांचं झालं. गॅसच्या शेगडीवर बरीच उष्णता पॅनच्या बाजूने निघून जाते, त्यामुळे मधल्या आकाराच्या बर्नरवर एवढी पोहोचली तरी पुष्कळ. शिवाय त्याच वेळी थंड खिमाही तापवायचा असतो. थोडक्यात, शेगडी दर मिनिटाला ठरावीकच पाणी उडवू शकते. खिमा त्याहून जास्त वेगाने पाणी सोडत असेल तर तळं साचणारच. आपल्याला फक्त पाणी सुटण्याचा वेग शेगडीच्या ताकदीच्या आत ठेवायचा आहे.

तपासणी: यातलं तुमचं काय होतंय?

*पॅन लहान आहे.* सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. पॅनचं माप काठापासून काठापर्यंत मोजतात, बुडाचा सपाट भाग त्याहून पाच-सहा सेंटीमीटरने कमी असतो. म्हणजे ३० सेंटीमीटरच्या पॅनचं बूड साधारण २४, आणि २४ च्या पॅनचं जेमतेम १८. ऐकायला फरक लहान वाटतो, पण क्षेत्रफळात तो जवळजवळ पावणेदोन पट आहे. तोच ५०० ग्रॅम खिमा मोठ्या पॅनमध्ये एक सेंटीमीटर जाडीचा थर होऊन बसतो, लहानात दोन सेंटीमीटरचा. खालच्या थरातून निघालेल्या वाफेला वरचा थर वाट देत नाही, ती तिथेच गार होऊन पुन्हा खाली पाझरते. मोठा पॅन नसेल तर खिमा दोन खेपांत परता. त्याला फार तर चार मिनिटं जास्त लागतात, आणि तळं आटवत बसण्यापेक्षा ती केव्हाही परवडली. खोल, उभ्या काठाचं भांडंही टाळा, वाफ आत घुटमळते.

*खिमा फ्रीजरमधून थेट आला.* बर्फ वितळवायलाच उष्णता खर्च होते: ३०० ग्रॅम बर्फ पाणी व्हायला सुमारे १०० किलोज्यूल. पण खरा त्रास वेगळाच आहे. बाहेरचा भाग शिजून पाणी सोडत असतो तेव्हा आतला गोळा अजून गोठलेलाच असतो. मग आपण तो खरवडत राहतो, खरवडलेला भाग पाण्यात पडतो आणि सगळंच उकडतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीवर ठेवून द्या. विसरलात तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. चपटा करून गोठवलेला अर्धा किलो साधारण तासाभरात सुटतो. ओट्यावर तासन् तास ठेवून मात्र वितळवू नका, बाहेरचा थर जंतू वाढायला सोयीच्या तापमानात फार वेळ राहतो. आणि गोठवतानाच गोळ्याऐवजी पिशवीत दोन सेंटीमीटर जाडीची चपटी वडी केली तर पुढचं सगळं सोपं जातं.

*सारखं हलवताय.* हातात उलथनं असलं की हलवल्याशिवाय चैन पडत नाही. पण दर हलवण्याला बुडाशी तापलेला भाग वर जातो, थंड भाग खाली येतो आणि नवा पृष्ठभाग उघडा पडून पाणी सोडतो. पाणी सुटण्याचा वेग आपणच वाढवत असतो.

*मीठ लवकर पडलं.* खिम्यात मीठ आधी मिसळून ठेवलं तर दोन गोष्टी होतात. वरचं पाणी बाहेर यायला लागतं, आणि मिठात विरघळणारी प्रथिनं चिकट होऊन कण एकमेकांना धरतात. सॉसेजला हाच चिवट, दाट पोत हवा असतो, मोकळ्या खिम्याला नको असतो. मीठ रंग आल्यावर टाका.

*कांदा, ढोबळी मिरची, मशरूम खिम्याबरोबरच पडतं.* या सगळ्यांत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. खिम्याच्या पाण्याने आधीच जेरीला आलेल्या शेगडीवर आणखी ओझं. पुष्कळ रेसिपींत "कांदा आणि खिमा एकत्र परता" असं लिहिलेलं असतं. पातेल्यात तासभर शिजणाऱ्या रश्श्याला ते चालून जातं. घाईच्या पॅनला नाही.

मग परतायचं कसं

खिमा फ्रीजमधून काढून पाकिटात सुटलेलं पाणी ओतून द्या आणि किचन पेपरने वरून टिपून घ्या. स्टीलचा किंवा बिडाचा जाड बुडाचा पॅन मध्यम-मोठ्या आचेवर तीन मिनिटं तापवा, चमचाभर तेल घाला. तेल पातळ होऊन त्यात लहरी दिसायला लागल्या की पॅन तयार आहे. नॉनस्टिक असेल तर रिकामा तापवू नका, तेल घालूनच आणि मध्यम आचेवर. त्याचा थर २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथे पोहोचतो. मला विचाराल तर या कामाला नॉनस्टिक दुसऱ्या पसंतीचाच.

खिमा मोकळा करून भुरभुरू नका. पॅनभर पसरेल अशी एकच मोठी चपटी वडी करून हलकेच दाबा आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका. खरंच लावू नका. आधी तो चिकटतो, मग कडा तपकिरी दिसायला लागतात आणि खालचा थर खरपूस झाला की आपोआप सुटतो. उलथनं घालून तो सहज उचलला गेला नाही तर अजून एक मिनिट थांबा. मग उलथन्याने चार भाग करून एकेक उलटा, दुसऱ्या बाजूला दोन-तीन मिनिटं द्या, आणि मगच लाकडी उलथन्याच्या टोकाने किंवा आलूमॅशरने फोडा.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: सगळा खिमा दोन्हीकडून तपकिरी व्हायला नको का? नको. खिम्याचा प्रत्येक कण खरपूस करायला गेलं तर तो वाळून कडक होतो. निम्मा भाग खमंग आणि उरलेला नुकताच शिजलेला असेल तर चव पहिल्याची मिळते आणि मऊपणा दुसऱ्याचा. वडी करून परतण्याचा खरा फायदा हा आहे.

आवाजाकडे कान ठेवा, डोळ्यांपेक्षा ते लवकर कळतं. कोरडी, तडतडती चुरचुर चालू असेल तोवर सगळं ठीक. आवाज जड आणि दबका झाला की पाणी जिंकायला लागलंय. अशा वेळी पॅन जरा तिरका करा, खिमा वरच्या बाजूला सारा आणि साचलेलं पाणी चमच्याने एका वाटीत काढून घ्या. ते फेकायचं नाही, त्यात चव आहे. पुढे रस्सा घालायच्या वेळी तेच परत पॅनमध्ये घालून चांगलं उकळायचं. अर्धकच्च्या मांसाचं पाणी असल्यामुळे ते उकळल्याशिवाय वापरू नये, एवढं ध्यानात असू द्या. वाटी आणि चमचा एवढ्यावर पाणचट खिमा वाचतो, तरी कुठल्याही रेसिपीत हे सहसा सापडत नाही.

खाण्याचा सोडा: कधी आणि किती

हा उपाय जादूचा असल्यासारखा फिरत असतो, म्हणून थोडं सविस्तर. ५०० ग्रॅम खिम्याला लहान चमच्याचा (५ मिलीलीटर) पाव ते तिसरा हिस्सा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून मिसळायचा आणि १५ मिनिटं ठेवायचं. सोड्याने मांसाचा सामू (pH) वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते. त्यामुळे प्रथिनं कमी आकसतात आणि पाणी जास्त धरून ठेवतात, शिवाय रंग येण्याची क्रियाही वेगाने होते. दोन्ही बाजूंनी फायदाच.

अटी दोन. प्रमाण वाढलं की साबणासारखी चव येते आणि ती कशानेही झाकत नाही. आणि मिसळताना खिमा मळायचा नाही, बोटांनी वरखाली करायचा. कमी चरबीच्या खिम्याला सोड्याचा उपयोग जास्त जाणवतो. १५-२० टक्के चरबीचा खिमा, मोठा पॅन आणि स्थिर हात असेल तर मी सोड्याच्या भानगडीत पडत नाही.

तवंग

५०० ग्रॅम खिम्यात २० टक्के चरबी म्हणजे १०० ग्रॅम. ती सगळी सुटत नाही, पण बरीच सुटते. सगळी निथळून टाकणं ही उलट्या टोकाची चूक आहे, कारण मिरचीचा तिखटपणा आणि मसाल्यांतले बरेचसे सुवास चरबीत विरघळतात, पाण्यात नाही. एक-दीड मोठा चमचा ठेवा, बाकीची काढा. शिजलेला खिमा चाळणीत घालून पाण्याखाली धुण्याची एक पद्धत आहे. तिच्याबद्दल एवढंच म्हणेन की मग परतलात कशाला?

काढलेली चरबी बेसिनमध्ये ओतू नका, पाईपमध्ये थिजून बसते. रिकाम्या डब्यात गार करून कचऱ्यात टाका.

चरबी काढूनही जेवणावर तेल तरंगत असेल तर बहुतेक वेळा रस्सा पातळ राहिलेला असतो. पास्ता किंवा तांदळातलं स्टार्च रश्श्यात उतरलं की चरबी त्यात धरली जाते. शेवटची दोन मिनिटं झाकण काढून जोरात ढवळलं तरी फरक पडतो.

बुडाला लागतं

हे दुसरं नेहमीचं दुखणं, आणि मोठ्या आचेला दोष देऊन लोक चुकीच्या जागी शोधत बसतात. खिमा परतल्यावर बुडाला जी तपकिरी खरवड चिकटते तीच जेवणाची अर्धी चव असते. पण ती तिथेच सोडून वर पास्ता, पाणी आणि टोमॅटो घातले, तर पुढची १५ मिनिटं ती खाली तापत राहते. टोमॅटोची साखर आणि पास्त्याचं स्टार्च तिच्यावर बसतं, आणि जी खमंग होती ती काळी, कडू होते.

म्हणून कोरडा जिन्नस घालण्याआधी खरवड सोडवून घ्यायची. कांदा परतून झाला, मसाला झाला की अर्धी वाटी पाणी किंवा स्टॉक घाला, ते लगेच खदखदेल, आणि चपट्या लाकडी उलथन्याने सगळं बूड घासून घ्या. उलथनं गुळगुळीत फिरायला लागलं की मगच उरलेलं पाणी आणि पास्ता. खरवड आधीच काळी पडली असेल तर ती सोडवू नका. खिमा दुसऱ्या भांड्यात काढा, पॅन पुसा, पुढे चला. कडूपणा रश्श्यात उतरला की साखर, लोणी, क्रीम, काही चालत नाही.

पातळ बुडाच्या पॅनमध्ये बरोबर ज्वाळेच्या वर्तुळावर लागतं, मधे आणि कडेला नाही. तसं दिसत असेल तर दोष पॅनचा आहे. शिजवण्याच्या टप्प्यात लहान बर्नरवर सरकवा किंवा दर तीन-चार मिनिटांनी पॅन थोडा फिरवा.

कांदा कच्चा, बटाटा कडक

टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू यांतल्या आम्लामुळे भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. टोमॅटो पडल्यावर कांदा कितीही वेळ शिजवा, तो दाताखाली कचकचतच राहतो. बटाट्याचंही तेच. उपाय क्रमाचा आहे: कांदा आधी पूर्ण मऊ करा, बटाटे सेंटीमीटरभर फोडी करून साध्या पाण्यात किंवा स्टॉकमध्ये झाकण ठेवून ८-१० मिनिटं जवळजवळ शिजू द्या, आणि मग टोमॅटो घाला.

कांद्यासाठी खिमा पॅनच्या कडेला सारून मधे जागा करता येते, पण पॅन भरलेला असेल तर खिमा सरळ ताटलीत काढून घ्या. पॅन एकच वापरायचा आहे, ताटली वापरायला बंदी नाही.

पास्ता वर कच्चा, खाली लगदा

२०० ग्रॅम लहान पास्त्याला एकूण ५०० ते ५५० मिलीलीटर पातळ पदार्थ लागतो. पास्ता स्वतः वजनाच्या सव्वा पटीच्या आसपास पाणी पितो, उरलेलं पसरट पॅनमधून वाफ होऊन जातं. डब्यातला टोमॅटो घालत असाल तर त्याचा रस या हिशेबात धरा, पण पूर्ण धरू नका, कारण गराला चिकटलेलं पाणी पास्त्याला सहज मिळत नाही. ४०० ग्रॅमचा डबा असेल तर त्यापोटी २००-२५० मिलीलीटर पाणी कमी करा.

पाणी उकळल्यावरच पास्ता घाला आणि पहिली तीन मिनिटं सतत ढवळा, तेव्हाच तो एकमेकांना चिकटत असतो. सगळा पास्ता पाण्याखाली हवा. वर डोकावणारा कच्चा राहणार आणि त्याची वाट पाहता पाहता खालचा लगदा होणार. म्हणूनच लांब स्पगेटीपेक्षा आखूड आकार इथे बरे. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी आच बंद करा, झाकण ठेवा, तीन मिनिटं थांबा. रस्सा तेव्हा जरा पातळ दिसायला हवा. पास्ता बंद आचेवरही पाणी पीत राहतो, आणि पॅनमध्येच बरोबर दाट दिसलेला रस्सा ताटात येईपर्यंत घट्ट गोळा झालेला असतो.

तांदळाचं वेगळं दुखणं

पातेल्यातलं पाण्याचं प्रमाण पसरट पॅनला जसंच्या तसं लागू होत नाही. पृष्ठभाग मोठा म्हणून वाफ जास्त, आणि पॅनची झाकणं बहुधा सैल असतात. एका वाटी तांदळाला पातेल्यात दोन वाट्या पुरत असतील तर इथे सव्वादोन-अडीच धरा. तांदूळ धुऊन घ्या, नाहीतर वरचं स्टार्च खाली बसून लागतं. उकळी आली की एकदाच ढवळा, आच अगदी मंद, झाकण, १५-१८ मिनिटं, मग बंद करून दहा मिनिटं. मधे झाकण उघडून पाहायचा मोह टाळा, दर वेळी वाफ जाते आणि वरचा थर कच्चा राहतो. झाकण फारच सैल असेल तर त्याच्या खाली ॲल्युमिनियम फॉईल लावा.

टोमॅटोच्या दाट रश्श्यात तांदूळ शिजायला फार वेळ घेतो. निम्मा टोमॅटो आधी, निम्मा शेवटी, अशी विभागणी केली की ही तक्रार मिटते. खरं सांगायचं तर घाईच्या दिवशी कच्च्या तांदळापेक्षा आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवलेला शिजका भात शेवटच्या पाच मिनिटांत मिसळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सगळं नीट झालं तरी चव सपक

मसाला पाण्यात पडला असणार. सुक्या मसाल्यांना आणि टोमॅटो पेस्टला चरबीत मिनिटभर परतावं लागतं. रस्सा घातल्यावर भुरभुरलेला मसाला कच्चाच लागतो, मग आपण आणखी घालतो आणि पदार्थ भरभरीत होतो. लसूण या टप्प्याच्याही शेवटी, रस्सा घालायच्या अर्धा मिनिट आधी. खिम्याबरोबर मोठ्या आचेवर टाकलेला बारीक लसूण जळून कडू होतो.

मीठ ५०० ग्रॅम खिम्याला ५ ग्रॅमच्या आसपास पुरतं, म्हणजे लहान चमचाभर. स्टॉक, चीज, सोया सॉस यांतलं काही असेल तर त्याहून कमी, कारण रस्सा आटला की मीठ आटत नाही. शेवटी चाखल्यावर मीठ पुरेसं आहे आणि तरी काहीतरी कमी वाटतंय, असं झालं तर मिठाकडे जाऊ नका. लिंबाचे चार थेंब किंवा अर्धा चमचा व्हिनेगर घालून पुन्हा चाखा.

चीज आणि क्रीम आच बंद केल्यावर घाला. उकळत्या रश्श्यात चीज रवाळ होतं आणि तेल सोडतं. दही किंवा आंबट क्रीम असेल तर आधी त्यात दोन चमचे गरम रस्सा फेटून घ्या.

शिजलाय का, हे रंगावरून ठरवू नका

अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून बाहेरून भाजलं की झालं, हा नियम खिम्याला लागू नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने बीफच्या खिम्यासाठी ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या खिम्यासाठी ७४ अंश ही खूण दिली आहे. रंग दोन्हीकडून फसवतो: काही खिमा सुरक्षित तापमानाच्या आधीच तपकिरी दिसतो, काही पूर्ण शिजूनही गुलाबी राहतो. फोडलेल्या खिम्यात थर्मामीटर लावायचा तर चमच्याने एका जागी ढीग करा आणि टोक त्याच्या मध्यात खुपसा. पुढे रश्श्यात दहा-पंधरा मिनिटं उकळी येणार असेल तर काळजी फक्त मोठ्या गुठळ्यांची. त्या फोडून घ्या.

वेळ कुठे जातो

"वीस मिनिटांत तयार" असं लिहिणारे पॅन तापवायची तीन मिनिटं आणि कांदा चिरायचा वेळ धरत नाहीत. खरा हिशेब असा: तापवणं तीन, खिमा सात-आठ, कांदा चार-पाच, मसाला आणि खरवड दोन, पास्ता दहा-बारा, झाकून ठेवणं तीन. म्हणजे अर्धा तास, थोडा वरच. यात काटछाट करायची तर खिम्याच्या सात-आठ मिनिटांना हात लावू नका. वडी न हलवता पडून असते त्या पाच मिनिटांत कांदा चिरून होतो, आणि रश्श्यासाठीचं पाणी किटलीत उकळून घेतलं तर पुढची चार-पाच मिनिटं वाचतात. थंड पाणी ओतलं की सगळा पॅन गार पडतो आणि उकळी येईपर्यंत आपण नुसते बघत उभे.

उरलेलं जेवण दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये टाका, तीन-चार दिवस चालतं. बिडाच्या पॅनमध्ये टोमॅटोचा रस्सा रात्रभर ठेवू नका, धातूची चव उतरते आणि पॅनचा तेलाचा थरही जातो. दुसऱ्या दिवशी गरम करताना पास्त्याने सगळा रस्सा पिऊन टाकलेला असतो, तेव्हा आधी दोन-तीन चमचे पाणी घाला, झाकण ठेवा आणि मधूनमधून हलवत वाफ निघेपर्यंत गरम करा.